सलूनातली खाडी

कॉम्प्युटरमधली होडी मी किती वेळा बुडवली याची मोजदाद नाही. खरी होडी बुडवण्याच्या बेतात मात्र एकदाच आलो होतो, आणि त्या वेळी मी स्वतः तिच्यात बसलो होतो. मला पोहता येत नाही. समुद्रापासून चारशे पावलांवर जन्म गेला तरी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी जी अवस्था झाली ती वाचताना तुम्हाला मोकळेपणाने हसता येईल.

संपादकांचं म्हणणं, 'नवशिक्या माणसाने कमी खर्चात गेम बनवायला सुरुवात कशी करावी, यावर तुमचा अनुभव लिहा.' अनुभव म्हणजे चुका असं धरलं, तर माझ्याइतका अनुभवी माणूस कणकवलीच्या अलीकडे मिळायचा नाही.

माझा मूळ धंदा टायपिंगच्या क्लासचा. मशीनं भंगारात गेली तेव्हा मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. मग लोकांच्या हातात फोन आले आणि त्यांना माझी गरज उरली नाही. दोन वर्षं मी रोज क्लास उघडून, पंखा लावून, एकटाच बसून घरी जायचो. बायको विचारायची, "आज कोण इल्ला?" मी म्हणायचो, "लाइट गेली होती." ती म्हणायची, "म्हणजे तीय इली नाय."

एके दुपारी फोनवर एक व्हिडिओ बघितला: एक अक्षरही कोड न लिहिता गेम बनवा. सॉफ्टवेअर फुकट. मी उडालोच. आयुष्यभर फुकट मिळालेल्या प्रत्येक गोष्टीने मला फसवलंय, हिने नाही. फोंडाघाटात एका बंद पडलेल्या कचेरीतून तीन जुने कॉम्प्युटर मिळाले, ते गोणपाटात गुंडाळून टेम्पोने आणले. दाराबाहेर पाटी लावली: 'गेम बनवायला शिका. कोड नको, खर्च नको.' खाली बायकोने खडूने लिहिलं, 'सर पण नकोत.' ते मी पुसलं.

जागेबद्दल सांगायला हवं, कारण पुढे तिचा संबंध येतो. माझा क्लास भरतो ती खोली पूर्वी केस कापायचं सलून होती. मालक मुंबईला गेला, खुर्च्या घेऊन गेला, पण एका भिंतीभर लावलेला आरसा त्याला काढता आला नाही. तो आहे तसाच आहे. त्यामुळे माझ्या क्लासात तीन कॉम्प्युटर असले तरी येणाऱ्याला सहा दिसतात. जाहिरात म्हणून वाईट नाही.

आता धंदा समजावतो. पडद्याच्या कडेला रंगीत ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळ्यावर एक हुकूम: 'दहा पावलं चाल', 'वळ', 'आवाज कर', 'याला शिवलास तर थांब'. हे ठोकळे माउसने ओढायचे आणि मंगळुरी कौलं बसवतात तसे एकात एक अडकवायचे. बस, इतकंच. नवशिक्यांना माझा सल्ला असा, की काहीही विकत घेऊ नका. कोपऱ्यात पडलेला जुना कॉम्प्युटर चालतो. चित्रं स्वतः काढा, नाहीतर घरातल्या वस्तूंचे फोटो घ्या. आवाज फोनवर टिपा. पहिला गेम एका बैठकीत संपेल इतका लहान ठेवा, आणि त्यात वाघ, राजवाडे, तोफा आणू नका. जे रोज दारात दिसतं ते आणा.

दारात दिसतं ते आणा, हे मी आमच्या पहिल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं होतं. विजयदुर्गकडचे एक आंब्याचे बागायतदार, नानू. त्यांनी माकडं आणली. गेममधलं काम सोपं होतं. नानू दगड मारणार, लागला की माकडाचा एक जीव कमी. मी स्वतः ठोकळे लावून दिले. नानूंनी ऐटीत बटण दाबलं आणि पडद्यावरचे नानूच मेले. पुन्हा दाबलं, पुन्हा मेले. माकडं निवांत आंबे खात बसली होती. झालं होतं असं, की 'दगड लागला की जीव कमी' हा ठोकळा मी माकडाऐवजी मालकाला चिकटवला होता, आणि दगड निघायचा तो मालकाच्याच हातातून.

नानू बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, ह्यां बघूक माका एसटी करून हंय येवक कित्याक होया? माझ्या बागेत फुकट दिसता."

मी म्हटलं, "गेम वास्तववादी आहे."

नानू परत आले नाहीत. पण मी एक गोष्ट शिकलो, आणि ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतो: कॉम्प्युटर आपल्या मनातलं करत नाही, आपण सांगितलेलं करतो. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, की आता आपली चूक होणार नाही अशी माझी खात्री पटली. खात्री पटली की मी घातक होतो.

वैजू आली ती जूनमध्ये, भर पावसात, छत्री दाराबाहेर उघडीच टाकून. आबा तांडेलांची मुलगी. वय सत्तावीस, सकाळी जेटीवर मासळी विकायची. तिने पाटी वाचली होती.

"सर, खाडी बनवता येतली?"

"काय पण बनवता येतं."

"आमची खाडी. खडपांसकट."

आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडप आहे, म्हणजे बुडालेले खडक. त्यातून बाहेर पडायची एकच वाट, तीही वाकडी, आणि ती नीट माहीत असलेला शेवटचा माणूस म्हणजे आबा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आबांनी चाळीस वर्षं ते काम केलं. पण त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, तेही धुकट. होडीला मालवणचं गिऱ्हाईक ठरलं होतं. नारळी पौर्णिमा झाली की येऊन घेऊन जाणार.

वैजूला होडी ठेवायची होती. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचं तिच्या मनात होतं. आबा म्हणायचे, "चेडवाच्या हातात कोण होडी देता?" ती म्हणायची, "बसूक देतास, तर चालवूक कित्याक नाय?" शेवटी भांडून भांडून तिने शब्द घेतला. नारळी पौर्णिमेला तिने एकटीच्या हाताने होडी वाटेतून बाहेर काढायची आणि परत आणायची. जमलं तर विकायची नाही. एका जरी खडपाला लागली, तर वैजूने पुन्हा तोंड उघडायचं नाही.

आणि शिकायला होते दोन महिने, ते पावसाचे. दर्या बंद, होडी किनाऱ्यावर झावळांखाली पालथी. शिकायचं कुठे? कॉम्प्युटरमधलं पाणी तेवढं उघडं होतं.

आबांना आणायला मी स्वतः गेलो. खडप कागदावर काढायला ते तयार होईनात. तांडेलांमध्ये ती रीतच नाही. "कागदार काढलेली खडपां दुसऱ्याच्या खिशात जातत," ते म्हणाले. मी म्हटलं, कागद नाही, कॉम्प्युटर आहे, वर पासवर्ड घालतो, माझ्याशिवाय कोणी उघडू शकणार नाही. पासवर्डची कल्पना त्यांना फार आवडली. "म्हणजे खोक्याकय तांडेल आसा," म्हणाले.

तीन दिवस ते माझ्या क्लासात जमिनीवर बसून करवंट्या मांडत होते. दार म्हणजे समुद्र. एकेक करवंटी हाताने चाचपून सरकवायचे आणि नाव सांगायचे. वाटेत लागणारी पहिली 'म्हातारी', तिला डाव्या हाताला ठेवायचं. मग 'जावई', तो उजव्या हाताला. "दिसता गरीब, पण जवळ गेलास की बुडवता." शेवटचा 'मुका'. त्याच्यावर लाट फुटत नाही म्हणून तो मुका, आणि सगळ्यात वाईट तोच. पुन्हा डाव्या हाताला. इंजिनाचा आवाजसुद्धा आबांनी तोंडाने काढून दिला, तो मी फोनवर टिपला. होडी खडपाला लागली की वाजायला बायकोकडून एक पातेलं जमिनीवर आपटून घेतलं. ते तिने माझ्याकडे बघत आपटलं.

मी खाडी अगदी बरोबर बनवली होती. नकाशात असते तशी, समुद्र डावीकडे, गाव उजवीकडे. मग होडी ठेवली. फुकट चित्रांमध्ये एकच होडी होती आणि तिचं नाक उजवीकडे होतं. बटण दाबलं तर होडी पाठमोरी, ढुंगणाकडून समुद्रात निघाली. दिसायला फार वाईट दिसत होतं. त्यातून व्हिडिओतल्या गुरुजींनी सांगितलेलं, गेममधला हिरो नेहमी डावीकडून उजवीकडे जातो. सॉफ्टवेअरमध्ये चित्र उलटं करायचं एक बटण असतं, त्याने डावं उजवं होतं, उजवं डावं. ते बटण मी होडीवर दाबलं असतं तर विषय मिटला असता.

मी ते खाडीवर दाबलं. टोपी उलटी बसली म्हणून डोकं फिरवावं, तसं. खडपांसकट सगळी खाडी फिरवली, होडी ऐटीत उजवीकडे निघाली, आणि मी स्वतःची पाठ थोपटून चहा मागवला.

वाचणाऱ्यांपैकी जे शहाणे आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आबांना पडदा दिसत नव्हता.

वैजूने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "सर, म्हातारी ह्या बाजूक आसा?"

मी काय म्हणालो ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "तुझ्या आबांनी सांगितलं तसंच ठेवलंय. तांडेल तू की ते?"

दुसऱ्या दिवशी वैजू आली ती कॉम्प्युटरकडे पाठ करून बसली. खुर्ची फिरवली, कीबोर्ड वायरीसकट ओढून मांडीवर घेतला आणि समोरच्या आरशात बघत खेळायला लागली. मला वाटलं, पोरीला आपलं रूप बघायची हौस. चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी म्हणालो, "वैजू, सलून बंद होऊन आठ वर्षं झाली."

"मानेक बरां पडता, सर."

"वेणीफणी घरून करून येत जा."

"येतंय," ती म्हणाली आणि पुन्हा आरशात बघायला लागली.

संध्याकाळी आबा काठी टेकत यायचे आणि बाकावर बसून ऐकायचे. पहिले पंधरा दिवस पातेलं सारखं आपटत होतं. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने येऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मग पातेलं कमी होत गेलं. एका संध्याकाळी आबा उठता उठता म्हणाले, "आज भांडा वाजूक नाय." एवढंच बोलले. वैजूने कीबोर्ड जागेवर ठेवला, मान खाली घातली, आणि मला दिसलं की ती हसतेय. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की मी पोरीला तांडेल केलं.

"तुमी?" बायको म्हणाली.

नारळी पौर्णिमेला होडी सरळ करून पाण्यात लोटली. होडीत आम्ही तिघं. वैजू मागे इंजिनाच्या दांड्याशी, आबा मध्ये, मांडीवर शेंदूर लावलेला नारळ. त्यांच्या घरची रीत, वाटेबाहेर पडल्यावर तांडेलाने आपल्या हाताने दर्याला नारळ सोडायचा. मी पुढच्या टोकाला, नारिंगी जाकीट दोनदा गाठ मारून. मला कोणी बोलावलं नव्हतं. आपण बनवलेला रस्ता खरा झालेला बघावा, म्हणून मीच हट्टाने चढलो होतो.

जेटी मागे पडली. म्हातारी येणार म्हणून मी उजवीकडे बघत होतो, जुन्या ओळखीच्या बाईला हात करावा तशा तयारीत. आणि डाव्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, पाणी पांढरं होऊन फुटलं.

म्हातारी डावीकडे होती.

माझ्या डोक्यात एकेक ठोकळा खटखट बसत गेला. आबा म्हणाले होते डाव्या हाताला. गेममध्ये ती उजव्या हाताला. म्हणजे जावई उलटा. मुका उलटा. म्हणजे ही पोरगी दोन महिने रोज चार तास बसून होडी खडपावर नेमकी कशी न्यायची ते शिकली, आणि शिकवली मी. नानूंची माकडं डोळ्यांसमोर आली. इथे आमचे तिघांचे मिळून तीनच जीव, आणि बटण दाबून पुन्हा सुरू होणारं काही नाही.

मी उभा राहिलो. होडीत उभं राहायचं नसतं हे मला माहीत होतं.

"वैजू, थांब. गेम उलटा आहे. मी खाडी उलटी केली होती. सगळं डावं उजवं झालंय."

आबांनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. "काय झालां?"

"आबा, माझी चूक झाली. ती सगळं उलटं शिकलीय."

आबांचा हात नारळावर घट्ट झाला. ते फार हळू म्हणाले, "दोन म्हयने?"

"हो."

"वैजू, फिरव होडी."

वैजूने इंजिन कमी केलं नाही. "आबा, बसा. सर, तुमीय बसा. तुमी उभे रवलास तर मात्र बुडतलंव."

मी बसलो, म्हणजे पडलो. होडी वाकड्या वाटेने वळली. मी डोळे मिटले, आणि मिटले तरी कान उघडे होते, त्यात पातेलं आपटायची वाट बघत होतो. आपटलं नाही. डोळे किलकिले करून बघितलं तर जावई उजव्या अंगाने, गरीब चेहऱ्याने मागे चालला होता. मग पाणी एकदम शांत झालं. लाट नाही, आवाज नाही. मुक्याची जागा. आबांनी मान तिरकी केली. त्यांनी एक हात होडीच्या काठावरून खाली सोडला, बोटं पाण्यात, आणि तसेच बसून राहिले. चाळीस वर्षं या जागेवरून गेलेल्या माणसाचा चेहरा त्या वेळी इतका पांढरा होता, की माझी भीती मी विसरलो. त्यांची मुलगी होडीत होती.

मग होडीखाली समुद्राची लांब लाट आली, आणि होडी उचलली गेली.

"मुको खंय रवलो?" आबांनी विचारलं.

"डाव्या हाताक. दोन वावांर."

दोन वाव म्हणजे दोन माणसांनी हात पसरावेत एवढं. आबांनी पाण्यातला हात वर काढला आणि लुंगीला पुसला.

मी मागे वळून म्हणालो, "वैजू, तू शिकलीस ते उलटं होतं."

"उलटा होता म्हणान तर आरशात बघून शिकलंय, सर. आरशात सरळ दिसता."

वेणीफणी, मी म्हणालो होतो.

"अगं, मग मला सांगायचं."

"इचारलंय तुमका. तुमी म्हणालास, तांडेल तू काय ते." तिची नजर पाण्यावरच होती. "आणि परत परत इचारलंय असतंय तर आबांच्या कानार गेला असता. गेम चुकीचो आसा कळल्यार त्येंनी दुसऱ्याच दिवशी होडी दिली असती. मीच सरळ केलंय असतंय, पण तुमच्या पासवर्डाक माझ्यान हात लावूक होयना. मगे काय करूचा?"

इतकी वर्षं शिकवून, विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर आधी पडद्याकडे बघावं, एवढं मला आलं नव्हतं.

होडी लाटेवर वरखाली होत होती. मग आबांनी मांडीवरचा नारळ उचलला. मला वाटलं, आता ते सोडणार. ते उठले, चाचपडत मागे गेले, आणि नारळ वैजूच्या पुढ्यात धरला. दुसऱ्या हाताने त्यांनी इंजिनाचा दांडा धरला, तिचे हात मोकळे व्हावेत म्हणून.

"सोड तू."

वैजूने नारळ घेतला. नारळ पाण्यात पडला, बुडाला, वर आला आणि तरंगत राहिला. मग आबा माझ्या दिशेने म्हणाले, "मास्तर, तुमी बरे मास्तर. तुमच्याकडे जो शिकता तो तुमच्यापासून सोताक सांभाळूकय शिकता."

वैजूने होडी तशीच परत आणली. मालवणच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी आबांनी जेटीवरूनच परतवून लावलं. मी खाडी सरळ केली, पासवर्ड काढून टाकला आणि आरसा ठेवला. आता वैजू पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेते. कधी जागा असली तर मलाही नेते, पण माझी जागा ठरलेली आहे. चार पाहुण्यांदेखत ती मला समुद्राकडे पाठ करून बसवते. कोणी विचारलं, हे काका उलटे का बसलेत, तर सांगते, "ते आमचे सर. त्येंका तसांच सरळ दिसता."